पहिल्या मॅरेथॉनच्या चुका कोण लिहून ठेवतं?

मित्रांनो, पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचा, पण येत्या रविवारच्या बैठकीआधी वाचा.

गेल्या फेब्रुवारीत आपल्या गावात पहिली मॅरेथॉन झाली. खरं तर ती २१ किलोमीटरची, म्हणजे अर्धमॅरेथॉन. पण आपल्याकडे पाच किलोमीटर पळालं तरी मॅरेथॉनच म्हणतात, त्यामुळं ते सोडा. पत्रकावर वेळ सकाळी सहाची होती. पाहुण्यांना उशीर झाला, मग सत्कार, मग भाषणं. झेंडा दाखवला तेव्हा पावणेआठ वाजले होते.

मी चौदाव्या किलोमीटरच्या पाण्याच्या टेबलावर होतो. सोबत शाळेची दोन पोरं, चार जार आणि कागदी ग्लासांचा गठ्ठा. पहिले पळणारे आले, त्यांना आम्ही आग्रह करकरून पाणी पाजलं. "अजून एक घ्या, ऊन आहे" असं म्हणत तीन-तीन ग्लास हातात दिले. आणि शेवटची शंभरएक माणसं यायच्या आत जार रिकामे झाले. साडेनऊच्या सुमारास एक तरुण आमच्यासमोरच रस्त्यावर बसला, मग आडवा झाला. अंग तापलेलं, बोलणं असंबद्ध. अँब्युलन्स व्यासपीठाशेजारी उभी होती, ती पळणाऱ्यांच्या गर्दीतून यायला तयार होईना. शेवटी त्याला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेलं. दोन दिवस दवाखान्यात होता, बरा झाला. नशीब त्याचं आणि आपलंही.

आता दुसऱ्या वर्षाची तयारी सुरू आहे. गेल्या आठवड्यात पहिली बैठक झाली. दीड तास चर्चा झाली ती टी-शर्टचा रंग, पदकावर कुणाचा फोटो आणि पाहुणे कोण यावर. त्या पोराचा विषय मी काढला तर एक ज्येष्ठ म्हणाले, "पहिल्या वेळी चुका होणारच. त्यातूनच माणूस शिकतो."

हे वाक्य डोक्यातून जाईना. चुकांमधून माणूस खरंच आपोआप शिकतो का? म्हणून मॅरेथॉनच्या इतिहासात जरा डोकावलो. जे हाती लागलं ते तुमच्यासमोर ठेवतो.

अथेन्स, १८९६

आधुनिक ऑलिंपिक पहिल्यांदा भरलं तेव्हाच ऑलिंपिकमधली पहिली मॅरेथॉन पळवली गेली. १० एप्रिल १८९६. मॅरेथॉन गावापासून अथेन्सच्या स्टेडियमपर्यंत, सुमारे ४० किलोमीटर. सतरा जण पळाले, त्यातले तेरा ग्रीक आणि चार परके. त्या चारपैकी तिघं म्हणजे ऑस्ट्रेलियाचा एडविन फ्लॅक, अमेरिकेचा आर्थर ब्लेक आणि फ्रान्सचा आल्बां लेर्म्यूझियो. याच तिघांनी त्या स्पर्धेत १,५०० मीटरमध्ये पहिले तीन क्रमांक घेतले होते. पण चाळीस किलोमीटर ही त्यांची शर्यतच नव्हती.

लेर्म्यूझियो सुरुवातीपासून सुसाट सुटला. बराच वेळ सगळ्यांच्या पुढं होता, आणि बत्तीस किलोमीटरच्या आसपास संपला. ब्लेक त्याच्या कितीतरी आधी थांबला. फ्लॅकनं नंतर आघाडी घेतली, पण शेवटचे काही किलोमीटर उरले असताना तोही कोसळला. मागून आपल्या चालीनं येणारा स्पिरिडॉन लुईस हा ग्रीक माणूस २ तास ५८ मिनिटं ५० सेकंदांत जिंकला. चौघा परक्यांपैकी शेवटपर्यंत पोचला तो फक्त हंगेरीचा ज्युला केलनर. हे अंतर आधी एकदा पळून आलेला तो एकटाच होता.

तिसरा आलेला ग्रीक धावपटू बेलोकास मधलं काही अंतर घोडागाडीतून आल्याचं उघड झालं. केलनरनं तक्रार केली आणि तिसरा क्रमांक त्याला मिळाला.

म्हणजे ऑलिंपिकच्या पहिल्याच मॅरेथॉननं दोन धडे दिले होते. पळणाऱ्यांसाठी: सुरुवातीला जोर करू नका. भरवणाऱ्यांसाठी: रस्त्यावर आपली माणसं ठेवा. आता आठ वर्षांनी काय झालं ते बघा.

सेंट लुइस, १९०४

३० ऑगस्ट १९०४. अमेरिकेतलं सेंट लुइस. ऑलिंपिक जागतिक प्रदर्शनाला जोडून भरवलेलं. मॅरेथॉन सुरू केली दुपारी तीन वाजता, ऑगस्टच्या उन्हात, पारा ३२ अंशांच्या आसपास. रस्ता मातीचा, चढउतारांचा. पळणाऱ्यांच्या पुढंमागं घोडेस्वार आणि मोटारी, त्यामुळं धुळीचे लोट. सगळ्या रस्त्यात पाणी फक्त दोन ठिकाणी: सुमारे सहा मैलांवर एक टाकी आणि बाराव्या मैलाजवळ एक विहीर.

हे दुर्लक्षामुळं झालं असं तुम्हाला वाटेल. नाही. प्रमुख संयोजक जेम्स सुलिवन यांना बघायचंच होतं की पाण्याशिवाय माणूस किती पळतो. प्रयोग होता तो. आणि प्रयोगाला उभे केलेल्यांना त्याचा पत्ता नव्हता.

बत्तीस जण पळाले, चौदा पोचले. विल्यम गार्सिया नावाचा धावपटू रस्त्याच्या कडेला पडलेला सापडला. धूळ पोटात जाऊन आतून रक्तस्राव झाला होता. मरता मरता वाचला. क्यूबाचा पोस्टमन फेलिक्स कार्वाहाल विजार गुडघ्यापाशी कापून पळाला, वाटेत कुणाच्या तरी बागेतली सफरचंदं खाल्ली, पोटात कळा आल्या, आणि तरीही चौथा आला. दक्षिण आफ्रिकेचे लेन टाउन्याने आणि यान माशियानी हे दोघं प्रदर्शनातल्या बोअर युद्धाच्या देखाव्यात काम करायला आणलेले होते. ते नववे आणि बारावे आले. टाउन्यानेच्या मागं कुत्रं लागलं आणि त्याला रस्ता सोडून बरंच लांब पळावं लागलं, नाहीतर तो आणखी वर आला असता.

फ्रेड लॉर्झ नवव्या मैलाला पायात गोळे आले म्हणून थांबला, मोटारीत बसला, मोटार बंद पडल्यावर उतरून पळत स्टेडियममध्ये शिरला. लोकांनी त्यालाच विजेता समजून जल्लोष केला. अथेन्समधला घोडागाडीचा प्रकार, फक्त आता मोटार.

खरा विजेता टॉमस हिक्स. त्यानं पाणी मागितलं तर सोबतच्या माणसांनी दिलं नाही, फक्त ओल्या स्पंजनं तोंड पुसलं. थकून बसायला लागला तेव्हा अंड्याच्या पांढऱ्या बलकात कालवून स्ट्रिकनीन दिलं. स्ट्रिकनीन म्हणजे आपल्या कुचल्याच्या बियांत असतं ते विष. नंतर पुन्हा एकदा, ब्रँडीबरोबर. शेवटी तो भ्रमिष्टासारखा पाय ओढत, दोन्ही बाजूंनी आधार घेत पोचला. वेळ ३ तास २८ मिनिटं ५३ सेकंद.

आणि यातून धडा काय घेतला? सुलिवन यांनी दोष दिला तो अंतराला. माणसाच्या ताकदीपलीकडची शर्यत आहे, असं त्यांचं म्हणणं. दुपारची वेळ, धूळ, पाणी यांवर बोट ठेवलं नाही, कारण ते स्वतःवरच आलं असतं. हिक्सला औषध देणाऱ्यांपैकी एकानं पुढच्या वर्षी या स्पर्धेवर पुस्तक लिहिलं, त्यात निष्कर्ष असा की अशा औषधांचा धावपटूंना मोठा उपयोग होतो!

चूक सगळ्यांना दिसत होती. पण ती तपासायला बसला तो चूक करणाराच. मग काय निघणार?

स्टॉकहोम, १९१२

आता खरी गोष्ट. १४ जुलै १९१२, स्वीडनमधलं स्टॉकहोम. पुन्हा शर्यत भर दुपारी आणि पुन्हा पारा ३२ च्या आसपास. पळायला उतरलेल्यांपैकी जवळपास निम्मे वाटेतच थांबले. त्यातल्या दोघांबद्दल सांगतो.

पहिला पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो, पेशानं सुतार. उन्हाचा चटका बसू नये म्हणून त्यानं अंगाला मेणासारखं काहीतरी चोपडलं होतं असं सांगतात. त्यानं घाम बाहेर येईना आणि अंग थंड होईना. तिसाव्या किलोमीटरच्या आसपास तो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. आधुनिक ऑलिंपिकच्या मैदानात जीव गमावलेला हा पहिला खेळाडू. त्याला चुकीतून शिकायची संधीच मिळाली नाही. "चुका होणारच" म्हणणाऱ्यांनी हा माणूस लक्षात ठेवावा.

दुसरा जपानचा शिझो कानाकुरी. वय वीस, टोकियोच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचा विद्यार्थी. प्राचार्य होते ज्युडोचे जनक जिगोरो कानो. जपान पहिल्यांदाच ऑलिंपिकला जात होता, आणि खेळाडू फक्त दोन. बोटीनं आणि सैबेरियातून जाणाऱ्या रेल्वेनं दोन आठवड्यांहून जास्त प्रवास. पोचल्यावर रात्री उजेडच, झोप नाही. जेवण मानवेना. पायात जपानी ताबी, म्हणजे अंगठा वेगळा असलेले कापडी मोजे, खडबडीत रस्त्यावर तळवे सोलवटणारे. त्यात पळताना पाणी पिणं म्हणजे कमजोरी, असाच तेव्हा सगळीकडं समज.

सव्वीस-सत्तावीस किलोमीटरवर त्याची शुद्ध हरपायला लागली. रस्त्याकाठच्या एका कुटुंबानं त्याला आपल्या बागेत नेलं, प्यायला दिलं, झोपवलं. तो उठेपर्यंत शर्यत संपली होती. शरमेपायी त्यानं अधिकाऱ्यांना काही कळवलं नाही आणि गुपचूप मायदेशी निघून गेला. स्वीडनच्या दप्तरी तो बेपत्ताच राहिला. पुढं १९६७ मध्ये स्वीडननं त्याला बोलावलं, पंचाहत्तर वर्षांच्या कानाकुरींनी स्टॉकहोमच्या स्टेडियममध्ये पळत येऊन फीत तोडली, आणि वेळ जाहीर झाली: ५४ वर्षं, ८ महिने, ६ दिवस, ५ तास, ३२ मिनिटं, २०.३ सेकंद.

हा किस्सा बऱ्याच जणांनी वाचला असेल, व्हॉट्सॲपवर फिरत असतो. पण तिथंच थांबतो. मधल्या ५४ वर्षांत या माणसानं काय केलं ते कुणी सांगत नाही.

त्यानं पराभवाची नोंद आपल्या डायरीत केली. कुणाला दोष न देता, आपण कुठं कमी पडलो ते. मग एकेक गोष्ट हातात घेतली. पायाला कापड पुरत नाही, तर टोकियोतल्या ताबी बनवणाऱ्याबरोबर बसून रबरी तळव्याची ताबी तयार करवली. उन्हानं पाडलं, तर उन्हात सराव. आणि सगळ्यात मोठी गोष्ट: आपण एकटेच गेलो होतो, आपल्यामागं कुणी तयार नव्हतं हे त्यानं ओळखलं. म्हणून १९२० मध्ये त्याच्या पुढाकारानं टोकियो ते हाकोने आणि परत अशी महाविद्यालयांची लांब पल्ल्याची रिले शर्यत सुरू झाली. पहिल्या वर्षी चार संघ होते. आज ही हाकोने एकिदेन दर २ आणि ३ जानेवारीला होते, दहा धावपटू मिळून दोनशेहून जास्त किलोमीटर पळतात, आणि सगळा जपान टीव्हीसमोर बसतो. तिथल्या सर्वोत्तम धावपटूला कानाकुरींच्या नावाचा चषक देतात.

कानाकुरींना स्वतःला ऑलिंपिक पदक कधीच मिळालं नाही. १९२४ च्या पॅरिसमध्ये तर त्यांना पुन्हा अर्ध्यात थांबावं लागलं. पण त्यांची चूक त्यांच्यापुरती राहिली नाही. पुढच्या पोरांना ती नव्यानं करावी लागली नाही.

अँटवर्प, १९२०: आपला माणूस

इथं गोष्ट आपल्या दारात येते.

१९१९ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींना सर दोराबजी टाटा आले होते. लांब पल्ल्याच्या शर्यतीत खेड्यापाड्यातली शेतकऱ्यांची पोरं अनवाणी पळत होती. ना शिक्षक, ना खुराक, ना तंत्र. तरीही त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळ जाणाऱ्या होत्या. दोराबजींनी मनावर घेतलं, स्वतःचा पैसा घातला, आणि १९२० मध्ये अँटवर्पच्या ऑलिंपिकला हिंदुस्थानचा संघ गेला. त्यात मॅरेथॉनसाठी दोघं: बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार. कुस्तीत रणधीर शिंदे होते, ते तर पदकाच्या अगदी जवळ, चौथे आले.

ती मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची होती, ऑलिंपिकच्या इतिहासातली सगळ्यात लांब. दिवस पावसाळी आणि गार. फिनलंडचा हान्नेस कोलेहमाइनेन जिंकला. दातारांना शर्यत पूर्ण करता आली नाही. चौगुले पोचले, २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत. एकोणिसावे.

आणि सोळावं कोण आलं असेल? शिझो कानाकुरी.

हे वाचल्यावर मी थोडा वेळ गप्पच बसलो. एकाच रस्त्यावर, एकाच पावसात, बेळगावचा माणूस जपानच्या त्या माणसाच्या फक्त तीन क्रमांक मागं होता. त्या दिवशी दोन देशांत अंतर होतं ते एवढंच.

दोराबजींनी पुढंही प्रयत्न सोडले नाहीत. १९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना उभी राहिली, ते तिचे पहिले अध्यक्ष झाले. पण लांब पल्ल्याच्या पळण्यापुरतं बोलायचं तर हाकोनेसारखं, एका पिढीनं दुसरीच्या हातात काही ठेवावं असं आपल्याकडे उभं राहिलं नाही. शिवनाथ सिंग १९७६ च्या मॉन्ट्रियलमध्ये अकरावे आले, १९७८ मध्ये जालंधरला २ तास १२ मिनिटांत पळाले. तो राष्ट्रीय विक्रम चाळीसहून जास्त वर्षं टिकला. अभिमान वाटायचा तो वाटतोच, पण एवढी वर्षं कुणीच मोडू शकलं नाही याचा अर्थही लावायला हवा. आणि बेळगाव-कोल्हापूर पट्ट्यातल्या किती शाळांत चौगुल्यांचं नाव पोरांना सांगतात, हे तुम्हीच आठवून बघा.

पाण्याचं काय झालं

आता माझ्या टेबलाकडे येतो. पाणी न देण्याची चूक जगानं फार उशिरा सुधारली. पळताना पाणी टाळावं हा समज विसाव्या शतकाच्या मध्यानंतरही टिकून होता. मग अभ्यास झाले, समज बदलला, आणि लोक थेट दुसऱ्या टोकाला गेले: तहान असो नसो, प्या, जितकं जमेल तितकं प्या. त्यातून नवा धोका उभा राहिला. पोटात फार पाणी गेलं की रक्तातलं सोडियम कमी होतं, मेंदूला सूज येते, माणूस दगावू शकतो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, त्यात १३ टक्के जणांचं सोडियम कमी भरलं. जास्त धोका कुणाला, तर हळू पळणाऱ्यांना. कारण ते जास्त वेळ रस्त्यावर असतात आणि प्रत्येक टेबलावर थांबून पितात.

म्हणजे मी गेल्या फेब्रुवारीत एकाच टेबलावर दोन्ही चुका केल्या. पुढच्यांना तहान नसताना पाजलं आणि मागच्यांना तहान असताना दिलं नाही. मनात वाईट काही नव्हतं. माहीतच नव्हतं. पण १९०४ मध्ये हिक्सला पाणी नाकारणाऱ्यांच्या मनातही वाईट नव्हतं, त्यांना तो जिंकायलाच हवा होता.

त्या पोराला मोटारसायकलवर बसवून नेलं, ती माझी तिसरी चूक. उष्माघात झालेल्याला आधी जागेवरच थंड करायचं, गार पाणी, बर्फ, ओले टॉवेल, आणि मग हलवायचं, असं आता क्रीडावैद्यकातले डॉक्टर सांगतात. आमच्या टेबलावर बर्फ नव्हता. शंभर पावलांवर रसवंती होती. तिथं बर्फाची लादी होती. सुचलं नाही.

रविवारच्या बैठकीसाठी

मी चार गोष्टी मांडणार आहे. तुम्हाला पटल्या तर तिथं येऊन बोला, इथं नुसतं लाइक नको.

एक, झेंडा सहाला म्हणजे सहाला. पाहुणे आले नाहीत तर सगळ्यात लहान स्पर्धकाच्या हातून दाखवा. सत्कार पळणारे परत आल्यावर.

दोन, पाण्याचा हिशोब शेवटच्या माणसापासून करा. दर दोन-अडीच किलोमीटरला टेबल, सोबत मीठ-साखरेचं पाणी, आणि स्वयंसेवकांना एकच सूचना: मागेल त्याला द्या, आग्रह करू नका.

तीन, अँब्युलन्स व्यासपीठापाशी नको, शेवटच्या सात किलोमीटरमध्ये हवी. माणसं तिथंच पडतात. प्रत्येक टेबलावर बर्फ आणि टॉवेल.

चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. शर्यत झाल्यावर आठ दिवसांत लेखी अहवाल. काय चुकलं, कुठं, किती वाजता. आणि तो समितीतल्यांनी लिहायचा नाही. डॉक्टर, पळालेले दोघं-तिघं आणि एखादा शिक्षक यांनी लिहायचा, आणि ग्रंथालयात ठेवायचा, कुणालाही वाचता येईल असा.

यात माणसं बदनाम करायचा हेतू नाही. समितीतले सगळे आपलेच आहेत, पदरचे पैसे आणि वेळ घालून राबतात. गेल्या वर्षी चारशे माणसं पळाली, त्यात पंचावन्न वर्षांच्या बायका होत्या, वाडीवरची अनवाणी पोरं होती. ही शर्यत बंद पडू नये, चांगली व्हावी, एवढंच माझं म्हणणं.

माझ्या टेबलाचा अहवाल मी लिहिलाय. दोन पानं आहेत. चौदावा किलोमीटर, चार जार, सव्वानऊला पाणी संपलं, साडेनऊला एक जण पडला, बर्फ शंभर पावलांवर होता. रविवारी सुरुवातीला तोच वाचणार आहे. बाकीच्या टेबलांवर जे होते, त्यांनीही आपापलं लिहून आणावं.